कुटुंबाच्या पसंतीचं ठिकाण

गावाला पाणी चढवणारा जुना वाफेचा पंप लोकांना बघण्यासाठी महिन्यातून एकदाच, दुसऱ्या रविवारी सकाळी बरोबर दहाला सुरू होतो, हे धाकटीने शुक्रवारी मुक्कामाला आलेल्या सासरच्या माणसांना चारदा सांगितलं होतं. तरी साडेनऊला थोरली जाऊ केस धुवायला न्हाणीघरात शिरली आणि तिच्या नवऱ्याने, दादांनी, वर्तमानपत्राची दुसरी घडी उलगडली.

"दादा, गाडी दारात उभी आहे," धाकटी म्हणाली.

"अगं, पंपच आहे ना? तो काय पळून जातोय?" दादा एका बंद ट्रंकेवर ऐसपैस बसले होते. हॉलभर ट्रंकाच होत्या, काळ्या पत्र्याच्या, पांढऱ्या रंगात आकडे घातलेल्या. सोळांपैकी पाच उघडल्या होत्या. बाकीच्यांवर चादरी टाकून तात्पुरती बैठक केली होती.

या ट्रंकांनी तीन आठवडे धाकटीचं डोकं खाल्लं होतं. वीस वर्षांत नऊ बदल्या झाल्या, आणि दर वेळी तिसऱ्या दिवशी तिच्या घरात पुस्तकं फळीवर चढलेली असायची. या वेळी कर्नलच आडवा आला होता. "राहू दे गं, हॉलला रंग लागायचाय," असं रोज म्हणायचा आणि रंगारी काही उगवायचा नाही. नवऱ्याला कर्नल म्हणायला तिने तो कॅप्टन होता तेव्हाच सुरुवात केली होती. तेव्हा ती चेष्टा होती, आता तो खरंच कर्नल झाला होता आणि चेष्टा मागे राहून गेली होती.

"आमच्या भटकीला रविवारीसुद्धा घरात चैन पडत नाही!" न्हाणीघरातून थोरलीचा आवाज आला. दादा हसले, धाकटीची सतरा वर्षांची मुलगी टिल्ली हसली, कर्नलही हसला. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या पायांत बूट घालून, वॉकर पुढ्यात घेऊन, नऊ वाजल्यापासून तयार बसल्या होत्या.

भटकी हे नाव सासरी तिसऱ्या बदलीच्या वेळी पडलं. नव्या गावात सामान लागलं की धाकटी घराबाहेर पडायची. बसमध्ये बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जायची आणि तिथून चालत परत यायची. एक दिवस एक नंबरची बस, दुसऱ्या दिवशी दोन नंबरची, असं करत सगळं गाव पायाखाली घालायची. ऑफिसातून मिळणाऱ्या स्वागताच्या फायलीत क्लब, इस्पितळ, पोहण्याचा तलाव आणि केस कापायचं दुकान एवढंच असायचं, म्हणजे छावणीच्या भिंतीच्या आतलं. भिंतीबाहेर काय आहे ते पोस्टमनला विचारावं लागतं, चपला शिवणाऱ्याला विचारावं लागतं. इथे येऊन तीनच आठवडे झाले होते, पण निवृत्त टपाल कर्मचाऱ्यांचा वाद्यवृंद दर बुधवारी शाळेच्या सभागृहात तालीम करतो आणि मागच्या बाकावर कुणीही जाऊन बसू शकतं, हे तिला ठाऊक होतं. शनिवारचा जुन्या पुस्तकांचा बाजार कुठे भरतो, काचघरातली झाडं बघायला कधी जावं, तेही ठाऊक होतं. सातांपैकी पाच बसमार्ग संपले होते.

आणि याला सासरी हिंडणं म्हणत. नवऱ्याला प्रत्येक गावात आयतं ऑफिस मिळायचं, मुलीला आयता वर्ग मिळायचा. हिला चार भिंती आणि सोळा ट्रंका. लग्नाआधी ती नकाशे काढायच्या कचेरीत कामाला होती. ते सुटलं ते सुटलंच, कारण पुढे प्रत्येक गावात नोकरी मागायला गेली की पहिला प्रश्न ठरलेला, "किती दिवस आहात इथे?" मग माणसाने करायचं काय? पाचव्या बदलीला शेजारच्या क्वार्टरमधली नवी नवरी चार महिने खोलीबाहेर पडली नव्हती. तिला हाताला धरून होड्यांची शर्यत दाखवायला कुणी नेलं? क्लबने? या सगळ्याचं नाव हिंडणं.

"चला हो, चला," सासूबाईच शेवटी म्हणाल्या. "ती बिचारी कधीची ओरडतेय."

*

पंपघराला नऊ पायऱ्या होत्या. सासूबाई धाकटीच्या दंडाला धरून त्या चढल्या आणि थोरली मागे वॉकर उचलून चालताना मनात म्हणाली, घरी मात्र यांना न्हाणीघराचा उंबरा ओलांडवत नाही.

थोरली दुष्ट नव्हती. दमलेली होती. ती मुख्याध्यापिका होती, आणि चार महिन्यांपूर्वी सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून शाळेच्या आधी एक नोकरी आणि शाळेच्या नंतर एक नोकरी करत होती. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ चालवायला सांगितलं होतं. चालवायचं कुणी, हा प्रश्न घरात कुणी विचारलाच नव्हता. उत्तर जणू जन्मापासून ठरलेलं. त्यातच तिला चाळीस शाळांची तपासनीस म्हणून बोलावणं आलं होतं. महिनाअखेरपर्यंत कळवायचं होतं. तिने दिराला फोन केला. दीर म्हणाला, "वहिनी, तुम्ही बिनधास्त हो म्हणा. मला सीमेवरची पलटण सांभाळायला मिळतेय, तिथे कुटुंब नेता येत नाही. या दोघी मायलेकी आपल्याकडेच येतील." एवढ्या सहज म्हणाला की थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी हो म्हणालं होतं.

आत दुमजली उंचीचं लोखंडी चाक होतं. पहाटेपासून बॉयलर तापवून सत्तरीचा ऑपरेटर घामाने निथळत होता. त्याने धाकटीला ओळखलं.

"आलात का बाई? या. आजींना खुर्ची देतो. चाक सुरू झालं की कठड्याला हात लावायचा नाही हं कुणी."

"तिसऱ्या आठवड्यात हिची इथेही ओळख!" दादा थोरलीच्या कानाशी म्हणाले. "हिचं आपलं बरं आहे."

झडप उघडली. चाक आधी चार बोटं हललं, थांबलं, मग इतक्या सावकाश फिरू लागलं की टिल्लीनेही हातातला फोन खाली केला. सासूबाई तोंडाचा आ वासून बघत होत्या. धाकटी चाकाकडे बघतच नव्हती. ती या सगळ्यांचे चेहरे बघत होती, आणि तिचा स्वतःचा चेहरा असा उजळला होता की थोरलीला एकदम तिच्याबद्दल माया वाटली. काहीतरी गोड बोलावं म्हणून ती तिच्याजवळ सरकली.

"वरच्या खोलीच्या पडद्यांचं माप घेऊन ठेवलंय मी. तुला निळा चालेल ना? टिल्लीने तिच्या खोलीला पिवळा सांगितलाय."

"कुठल्या वरच्या खोलीचं?"

"अगं, आपल्या घरातल्या. तुम्ही दोघी पंधरा तारखेला येताय ना!"

धाकटीने तिच्याकडे पाहिलं, मग टिल्लीकडे. टिल्लीने मान खाली घातली. मग तिने कर्नलकडे पाहिलं, आणि थोरलीला कळलं की हिला यातलं काहीच माहीत नाही. "भाऊजी," ती जवळजवळ ओरडली, "तुम्ही म्हणाला होतात सगळं ठरलंय!"

*

ज्याच्या एका हाकेला लवकरच आठशे माणसं ताठ उभी राहणार होती, त्या कर्नलची पाचावर धारण बसली.

"घरी बोलू," तो म्हणाला.

"इथेच बोला," धाकटी म्हणाली. सासरच्या माणसांसमोर ती त्याला अहो-जाहो करायची. "तुम्हाला पलटण कधी मिळाली?"

"मिळाली म्हणजे, पत्र आलंय."

"कधी?"

चाक फिरत होतं. त्याला वाटलं, आवाजात उत्तर बुडून जाईल. "इथे यायच्या आधी दोन आठवडे."

"इथे यायच्या आधी." ती शब्द चावून बोलली. "मग आपण इथे आलो कशाला?"

यावर त्याच्याकडे चोख उत्तर होतं, आणि ते चोख आहे असंच त्याला अजून वाटत होतं. "अगं, एका बदलीला एकच ट्रक मिळतो. इथलं काम मला महिनाभर सांभाळावंच लागणार होतं. म्हणून मी कागदावर हा मुक्काम वाटेतला म्हणून दाखवला. सामान उघडलं नाही तर तोच ट्रक पुढे आपल्या गावाला जातो. पुन्हा बांधाबांध नको, मोडतोड नको. तुझाच त्रास वाचला."

"म्हणून ट्रंका बंद."

"म्हणून."

"आणि मी? मी तीन आठवडे कुठे होते? वाटेतल्या मुक्कामात?" तिचा आवाज चढला आणि ऑपरेटर दुसरीकडे बघत उगाच एक झडप पुसू लागला. "रोज संध्याकाळी तू मला विचारायचास, आज कुठला थांबा केलास? आणि मी तुला सांगायची. पाय सुजेपर्यंत चालून यायची आणि तुला सांगायची! तुला माहीत होतं आपण इथे राहणार नाही, आणि तू चहा पीत ऐकत बसायचास? लाज नाही वाटली तुला?"

अहो-जाहो गळून पडलं होतं. दादांनी ते ऐकलं आणि घसा खाकरला. "घरातलं बोलणं चारचौघांत कशाला? आणि तुझ्या जिवाला एवढं लागण्यासारखं काय झालं? तुला काय, आज हे गाव, उद्या ते गाव. आपल्या गावात हिंडशील."

"दादा, तुम्ही गप्प बसा," धाकटी म्हणाली.

दादांना हे वाक्य घरात आजवर कुणी ऐकवलं नव्हतं. ते खरंच गप्प बसले.

*

सगळे क्वार्टरवर परत निघाले. टिल्ली गाडीच्या खिडकीला चिकटून बसली होती. सहा शाळा, सहा गणवेश, प्रत्येक वर्गात मधल्या सुट्टीत एकटीने डबा खायचे पहिले पंधरा दिवस. काकूने फोनवर विचारलं होतं, दोन वर्षं एकाच शाळेत राहशील का, तेव्हा ती पडद्याचा रंगच सांगून मोकळी झाली होती. आईला कुणी सांगितलं नसेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. आता तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, कारण शाळा तिला अजूनही हवीच होती.

घरी आल्यावर धाकटीने पाणीसुद्धा प्यायलं नाही. जेवणाच्या टेबलाशी उभी राहिली. "अर्ज आण."

"कसला अर्ज?"

"कर्नल, मी नऊ बदल्या केल्यात. कुटुंबाला वेगळं ठेवायचं तर अर्ज भरावा लागतो, हे तू मला शिकवायचं नाहीस. तो भरल्याशिवाय ट्रकची तारीख मिळत नाही. आण."

त्याने आणला. अजून ऑफिसात दिला नव्हता, सोमवारी द्यायचा होता. धाकटीने तो टेबलावर सपाट केला आणि मोठ्याने वाचला. "कुटुंबाच्या पसंतीचे ठिकाण. आणि समोर तुझ्या अक्षरात तुमच्या गावाचं नाव." मग ती थांबली. खालच्या रकान्यात 'पत्नीची संमती' असं छापलेलं होतं, आणि त्यापुढे तिच्या नावाची ठसठशीत सही होती.

"ही कोणी केली?"

"अगं, नेहमी मीच करतो की." तो खरोखरच गोंधळला. "पहिल्या बदलीला तूच म्हणालीस, कुठे कुठे सह्या करायच्या त्या तूच करून टाक, मला भांडी बांधू दे. तेव्हापासून मीच करतो. नऊच्या नऊ अर्जांवर."

हे खरं होतं. ती तसं म्हणाली होती, चोवीस वर्षांची असताना, हसत हसत, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली बशी घेऊन. त्या एका वाक्यावर हा माणूस वीस वर्षं तिची संमती काढत होता. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते तिला त्या क्षणी कळलं.

"बशा बांधताना म्हटलं होतं मी ते! क्वार्टर कुठलं हवं याच्या कागदावर! मी कुठे राहायचं, कुणाजवळ राहायचं, तेही तूच ठरवून माझ्या नावाने लिहायचं, असं म्हटलं होतं का?"

"चुकलं. पण आईचं कोण बघणार? मी सीमेवर. वहिनींनी वीस वर्षं केलं. आता आपली पाळी नको का?"

"आपली?" धाकटीने खुर्ची मागे सारली. "बरं, आता मला सांग. घरात आई-वडील आजारी असतील तर घराजवळ बदली मागता येते. त्याचाही अर्ज असतो. असतो ना?"

कर्नलने मान हलवली.

"तो कुणी भरायचा असतो? बायकोने?"

"अधिकाऱ्याने."

"मग तू कुठला भरलास?"

थोरली आतापर्यंत भिंतीला टेकून, अपराध्यासारखी उभी होती. ती सावकाश पुढे आली. "असा अर्ज असतो?" तिने दिराला विचारलं. "म्हणजे तुम्ही स्वतः येऊ शकला असता? दोन वर्षं?"

"वहिनी, पलटण मिळतेय. सगळी नोकरी माणूस याच एका गोष्टीसाठी करतो. आत्ता नाही म्हटलं तर परत मिळत नाही."

"मलाही परत मिळणार नाही," थोरली म्हणाली. "चाळीस शाळा आहेत. तुमच्या आठशे माणसांपेक्षा पोरं जास्तच असतील. मी तुमच्याकडे आले होते का हो, माझ्या जावेला कागदावर उचलून आणा म्हणायला? मी फक्त विचारलं होतं, कुणी मदत करेल का. आणि तुम्ही दोन बायकांची अदलाबदल करून मोकळे!"

"तू कशाला त्याच्यावर चिडतेस?" दादा म्हणाले. "त्याने आपलं भल्याचंच..."

थोरली गर्रकन वळली. "आणि तुम्ही हो? तुम्ही दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालात. दिवसभर घरात असता. आईंना चालवायला सकाळी पाच वाजता मी उठते, शाळेतून आल्यावर मीच नेते. मधल्या वेळात तुम्ही काय करता?"

"मी? मी घरात लक्ष ठेवतो."

"कशावर?"

दादांना आठवेना. त्यांनी आईकडे पाहिलं, लहानपणी पाहायचे तसं. पण सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून वेगळ्याच विचारात होत्या. बासष्ट वर्षांपूर्वी त्या लग्न होऊन आपल्या गावात आल्या, आणि आज सकाळी नऊ पायऱ्या चढून त्यांनी जे पाहिलं तसं काही त्या गावात आहे की नाही, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "आपल्या गावात काय काय आहे गं बघण्यासारखं?"

"मला कसं माहीत असणार, आई?" धाकटीचा आवाज अजून तापलेलाच होता. "नऊ गावं मी पायी पाठ केली. तुमच्या गावात दर सुट्टीला येते वीस वर्षं. स्टेशन ते घर आणि घर ते स्टेशन. एकदा म्हटलं होतं, नदीपर्यंत जाऊन येते. तर दादा म्हणाले, पाहुण्यांचं चहापाणी कोण बघणार?"

"तेच म्हणते. मीही नाही पाहिलं." सासूबाईंनी वॉकर पुढे ओढला पण उठल्या नाहीत. "तुम्ही सगळे माझ्यासाठी भांडताय. चार महिने माझ्यासाठी ठरवताय. मला कुणी एका शब्दाने विचारलं? मला माझ्या घरी राहायचंय. माझ्या खोलीत. हिने येऊन माझी दाई व्हायची गरज नाही, आणि थोरलीने तिची शाळा सोडायची तर मुळीच नाही. हा बसलाय ना रिकामा." त्यांनी दादांकडे बोट केलं. "हा चालेल माझ्याबरोबर. सकाळ-संध्याकाळ. याला मी चालायला शिकवलं, आता याने मला शिकवावं."

"आई, मला? माझे गुडघे..."

"तुझे गुडघे माझ्या खुब्याहून वीस वर्षांनी तरुण आहेत."

टिल्लीला हसू फुटलं आणि लगेच तिने ते दाबलं.

"आणि तू," सासूबाई धाकट्या मुलाकडे वळल्या. त्यांचा आवाज खाली आला. "तू जा तुझ्या पलटणीवर. तो दुसरा अर्ज भरू नकोस. पण हे माझ्यासाठी करतोयस, घरासाठी करतोयस असं मला सांगू नकोस. तुला जायचंय म्हणून तू जातोयस. तेवढं एकदा तोंडाने म्हण."

कर्नलने मान खाली घातली. "मला जायचंय," तो म्हणाला.

"मग झालं. मला राग नाही. हिला आहे, आणि तो असायलाच हवा."

धाकटीने कपाटातून कोरा अर्ज काढला. बदलीच्या घरात कोरे अर्ज नेहमीच असतात. टिल्लीला समोर बसवून तिने विचारलं, "तुला शाळा हवीय ना? दोन वर्षं, न बदलता?"

"हो," टिल्ली म्हणाली. मग भीतभीत, "कुठलीही चालेल, आई. इथली पण चालेल. मी काकूला हो म्हटलं तेव्हा मला वाटलं तुला माहितीये."

"मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं की मला माहीत नाही." टिल्लीच्या डोळ्यांत पाणी आलं तरी धाकटीने शब्द मागे घेतले नाहीत. तिने कुटुंबाच्या पसंतीच्या ठिकाणापुढे याच गावाचं नाव लिहिलं. खालच्या रकान्यात स्वतःची सही केली आणि अर्ज नवऱ्याकडे सरकवला. "हा दे सोमवारी."

*

गुरुवारी अर्ज परत आला. त्यावर लाल शाईत शेरा होता: पत्नीची सही नोंदीतील सह्यांशी जुळत नाही. पुन्हा सादर करावा.

कर्नलने तो दुपारी जेवताना दाखवला. सासूबाई, दादा आणि थोरली बुधवारीच परतले होते, त्यामुळे टेबलाशी तिघंच होती. "मी बघतो," तो म्हणाला. "एवढं काही नाही त्यात."

"कसं बघशील?"

तो घुटमळला. "नव्या कागदावर मी जुन्यासारखी सही करतो. ठिकाण तू लिहिलंस तेच राहील. कामाशी काम."

धाकटी उठली, हात धुतले आणि चपला घातल्या. "चल," ती म्हणाली.

कार्यालयातला हेडक्लार्क तीस वर्षांच्या नोकरीत मुरलेला माणूस होता. मॅडमना पाहून तो उठून उभा राहिला. त्याने कपाटातली फाइल काढली आणि नऊच्या नऊ अर्ज टेबलावर ओळीने मांडले. नऊ गावं, नऊ तारखा, खाली तिच्या नावाच्या नऊ सह्या. एकीपेक्षा एक सुबक. तिच्या नावातलं शेवटचं अक्षर कर्नल नेहमी लांब ओढायचा. ती कधीच तसं ओढत नव्हती.

"बघा ना मॅडम," हेडक्लार्क अजिजीने म्हणाला, "या नऊ तंतोतंत जुळतात. ही दहावीच वेगळी आहे. मी कसा पुढे पाठवू? उद्या कुणी म्हणेल, सही खोटी आहे."

"बरोबर म्हणाल," धाकटी म्हणाली. "खोटी आहे. पण ही नाही. त्या नऊ."

हेडक्लार्कने कर्नलकडे पाहिलं. कर्नल खिडकीबाहेर पाहत होता.

"तसं असेल तर," हेडक्लार्क चाचरला, "साहेबांना तसं लेखी द्यावं लागेल. आणि ते वर जाईल. पलटणीचा हुकूम निघायच्या आधी असला कागद वर जाणं... साहेब, मी एक सुचवू का? मॅडमनी आज फक्त जुन्यासारखी सही केली तर..."

"मी?" धाकटीला आधी हसूच आलं, इतका तिला संताप आला. "मी माझ्या नवऱ्यासारखी सही करायची? माझ्या नावाची?"

ती समोरच्या खुर्चीवर बसली. नवऱ्याला काही म्हणाली नाही. वीस वर्षं त्याच्यासाठी शब्द शोधून झाले होते. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजले होते आणि तिला आज कुठेही जायचं नव्हतं.

कर्नलने ते नऊ कागद एकेक करून पाहिले. मग त्याने खिशातलं पेन काढलं. एका कोऱ्या कागदावर लिहिलं की यापूर्वीच्या नऊ अर्जांवरील पत्नीच्या सह्या तिला न विचारता मी केलेल्या आहेत. खाली नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, आणि स्वतःची सही केली.

हेडक्लार्कने ते दोनदा वाचलं. "साहेब, 'तिला न विचारता' हे शब्द लागणार नाहीत. नुसतं 'मी केलेल्या' म्हटलं तरी चालतं."

"राहू दे," कर्नल म्हणाला. "तसंच पाठवा."

धाकटीने ते ऐकलं. तिने आभार मानले नाहीत, आणि तिचा राग गेलाही नाही. हेडक्लार्कने नोंदवही उघडून तिच्यापुढे ठेवली आणि नमुन्यासाठी तीनदा सही करायला सांगितलं. तिने पेन घेतलं आणि तीनदा केली.